प्रक्षेपकाचा माग ठेवणारी भूकेंद्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटलं की थेट प्रसारणात एक ठिपका नियोजित रेषेवरून पुढे सरकताना दिसतो. निवेदक अधूनमधून ‘कामगिरी सामान्य’ असं सांगत असतो. हा ठिपका कुठून येतो, मध्येच तो अडखळला तर काय समजायचं आणि मॉरिशस किंवा बियाक ही नावं का ऐकू येतात, असे प्रश्न वारंवार येतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः इस्रोच्या प्रक्षेपणांची आहेत. भौतिकशास्त्र मात्र सगळीकडे तेच असतं.

भूकेंद्र नेमकं कोणतं काम करतं?

भूकेंद्र म्हणजे रॉकेटवर लक्ष ठेवणारं जमिनीवरचं केंद्र. त्याची कामं तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिलं काम टेलीमेट्रीचं. रॉकेटमधले दाब, तापमान, कंपनं, झडपांची स्थिती, दिशादर्शक यंत्रणेचे आकडे हे सगळं रॉकेट स्वतःच सतत प्रसारित करत असतं, केंद्र ते ऐकतं. दुसरं काम मागोव्याचं, म्हणजे रॉकेट या क्षणी कुठे आहे आणि किती वेगानं कुठे चाललं आहे हे रॉकेटच्या सांगण्यावर विसंबून न राहता रडारनं मोजणं. तिसरं काम आदेशाचं. उड्डाणादरम्यान हा आदेश व्यवहारात एकच असतो, तो म्हणजे रॉकेट नष्ट करण्याचा.

म्हणजे रॉकेट जमिनीवरून चालवत नाहीत?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. रॉकेटमधला संगणक जायरो (वळणं मोजणारं उपकरण) आणि त्वरणमापकांच्या (वेगातला बदल मोजणाऱ्या उपकरणांच्या) आधारे स्वतःचा मार्ग स्वतः ठरवतो. कोणता टप्पा कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा हेही तोच पाहतो. सगळी भूकेंद्रं बंद पडली तरी निरोगी रॉकेट उपग्रह कक्षेत सोडेल. पण ते सोडलं की नाही हे आपल्याला बराच वेळ कळणार नाही, आणि बिघडलं तर का बिघडलं हे कदाचित कधीच कळणार नाही. कोसळलेलं विमान शोधता येतं. समुद्रात बुडालेल्या किंवा जळून गेलेल्या रॉकेटचा पुरावा म्हणजे फक्त नोंदवलेली टेलीमेट्री.

एकाच मोठ्या केंद्रानं का भागत नाही?

पृथ्वी गोल असल्यामुळे. केंद्राला क्षितिजाखालचं काही दिसत नाही. रॉकेट १० किलोमीटर उंचीवर असेल तर ते सुमारे ३५७ किलोमीटर अंतरापर्यंत दिसू शकतं, ५० किलोमीटर उंचीवर सुमारे ८०० किलोमीटरपर्यंत, २०० किलोमीटरवर १,६०० किलोमीटरपर्यंत आणि ५०० किलोमीटरवर साधारण २,५७० किलोमीटरपर्यंत. हे कागदावरचे आकडे झाले. प्रत्यक्षात झाडं, इमारती, समुद्रावरून येणारं परावर्तन यांमुळे क्षितिजापासूनचे पहिले तीन ते पाच अंश बेभरवशाचे असतात, म्हणून उपयोगी टापू याहून लहान धरतात.

कक्षेत पोहोचता पोहोचता रॉकेटचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या घरात जातो. त्यामुळे एका केंद्राच्या हद्दीतून ते काही मिनिटांतच बाहेर पडतं आणि पुढच्या केंद्रानं त्याला आधीच पकडलेलं असावं लागतं. दोन केंद्रांच्या हद्दी थोड्या एकमेकांवर याव्यात अशीच आखणी करतात. खो-खोत पाठीवर थाप बसल्याशिवाय पुढचा उठत नाही. इथे उलटं आहे, पुढच्यानं आधीच उठून धावायला लागायचं असतं.

इस्रोची केंद्रं कुठे कुठे आहेत?

या जाळ्याचं काम इस्ट्रॅक ही इस्रोची संस्था पाहते. तिचं मुख्यालय बंगळूरूला आहे. श्रीहरिकोटा, तिरुवनंतपुरम, लखनौ, पोर्ट ब्लेअर ही देशातली केंद्रं. देशाबाहेर मॉरिशस, ब्रुनेई आणि इंडोनेशियातलं बियाक.

सगळी केंद्रं प्रत्येक उड्डाणात लागत नाहीत. भूस्थिर कक्षेच्या दिशेनं जाणारं जीएसएलव्ही किंवा एलव्हीएम-३ बंगालच्या उपसागरावरून पूर्वेकडे जातं, तेव्हा श्रीहरिकोट्यानंतर पोर्ट ब्लेअर, मग ब्रुनेई आणि बियाक अशी साखळी असते. ध्रुवीय कक्षेसाठी निघालेलं पीएसएलव्ही दक्षिणेकडे जातं, तिथे तिरुवनंतपुरम आणि मॉरिशस महत्त्वाचे. मात्र ते सरळ दक्षिणेला जाऊ शकत नाही, कारण वाटेत श्रीलंका आहे. आधी आग्नेयेकडे जाऊन मग ते दक्षिणेला वळतं. या वळणाला इंधन लागतं आणि तेवढं उपग्रहाचं वजन कमी करावं लागतं. केंद्रांच्या दृष्टीनं वळण म्हणजे आणखी एक कटकट : वळताना रॉकेटवरच्या अँटेनाचं तोंड केंद्राच्या बाबतीत बदलतं.

मार्गात कुठेच केंद्र नसेल तर?

मग जहाज पाठवतात. मंगळयान घेऊन पीएसएलव्ही-सी२५ हे ५ नोव्हेंबर २०१३ रोजी दुपारी २:३८ वाजता सुटलं. तिसरा टप्पा संपल्यावर चौथा पेटेपर्यंत जवळजवळ २५ मिनिटं ते नुसतं तरंगत जाणार होतं आणि चौथा टप्पा पेटणार होता तो दक्षिण प्रशांत महासागरावर. तिथे जमीनच नाही. म्हणून भारतीय नौवहन महामंडळाची ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ ही दोन जहाजं अँटेना बसवून तिथे उभी केली. आधीची तारीख २८ ऑक्टोबर होती. खराब हवामानामुळे ‘नालंदा’ फिजीला उशिरा पोहोचलं आणि प्रक्षेपण पुढे ढकललं. रॉकेट तयार, यान तयार, आणि थांबायचं ते एका अँटेनासाठी! बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, पण चौथ्या टप्प्याचं पेटणं न पाहता उड्डाण करणं म्हणजे अपयश आलंच तर त्याचं कारण शोधायची सोय आधीच सोडून देणं.

जहाजावर आणखी एक अडचण येते. डेकच डोलतो. म्हणून अँटेनाच्या बैठकीला जहाजाचं हलणं मोजून ते सतत वजा करणारी यंत्रणा लागते.

बंगळूरूजवळ बायलालूला ३२ मीटरची डिश आहे, ती का वापरत नाहीत?

ती चांद्रयान, मंगळयानासारख्या दूरच्या यानांसाठी आहे. डिश जितकी मोठी, तितका तिचा झोत, म्हणजे ती ऐकू शकते तो आकाशाचा पट्टा, अरुंद. २.२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण १३.६ सेंटिमीटर असते. १० मीटरच्या डिशचा झोत त्यामुळे सुमारे १ अंश रुंद होतो, ४.६ मीटरच्या डिशचा २ अंशांहून थोडा जास्त, तर ३२ मीटरच्या डिशचा जेमतेम ०.३ अंश. चंद्राकडे निघालेलं यान आकाशात सावकाश सरकतं, तिथे हे चालतं. सेकंदागणिक जागा बदलणाऱ्या रॉकेटसाठी इतकी मोठी, जड डिश म्हणजे दुर्बिणीतून चिमणी पकडण्याचा खटाटोप.

रडार आणि टेलीमेट्रीची डिश, दोन्ही कशाला?

कारण रॉकेटमधली दिशादर्शक यंत्रणाच चुकली तर टेलीमेट्री तीच चूक प्रामाणिकपणे खाली पाठवते. बाहेरून मोजणारा कुणीतरी हवा. श्रीहरिकोट्याची सी-बँड (रेडिओ लहरींचा एक पट्टा) रडारं ते करतात. ती दोन प्रकारे चालतात. एक, रॉकेटच्या अंगावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडून. यात सिग्नल अंतराच्या चौथ्या घातानं घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल सोळावा हिस्सा उरतो. दुसरा प्रकार ट्रान्सपाँडरचा : रडारची साद आली की रॉकेटमधला ट्रान्सपाँडर ताकदीनं उत्तर देतो, आणि घट वर्गावर येते.

ट्रान्सपाँडर उत्तर द्यायला एक ठरावीक क्षणभर घेतो आणि तो वेळ हिशोबातून वजा करावा लागतो. त्यात १ मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतर १५० मीटरनं चुकतं. दोन रडारं एकाच ट्रान्सपाँडरला एकाच क्षणी साद घालत असतील तर त्यांच्या वेळा मागेपुढे कराव्या लागतात, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडतं.

याशिवाय श्रीहरिकोट्याला बहुलक्ष्य रडार आहे. त्याचा चेहरा १२ मीटर बाय ८ मीटर असून त्यावर ४,६०८ छोटे घटक आहेत. झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं फिरतो, त्यामुळे एकाच वेळी १० वस्तूंचा माग ठेवता येतो. वेगळे झालेले टप्पे, उष्णताकवचाचे (उपग्रहाभोवतीच्या संरक्षक टोपणाचे) अर्धे भाग असं बरंच काही एकाच वेळी आकाशात असतं, तेव्हा याचा खरा उपयोग.

पहिले काही सेकंद मात्र रडारचेही नसतात. रॉकेट जमिनीलगत असतं, मनोरे आणि इमारतींचं परावर्तन सगळीकडे असतं. त्या वेळी कॅमेरे आणि प्रकाशीय मागोवा यंत्रणाच जास्त विश्वासू.

दूरच्या केंद्राला कसं कळतं डिश कुठे रोखायची?

आधी नियोजित मार्गावरून तक्ता तयार होतो : सुटल्यापासून अमुक सेकंदाला अमुक दिगंश (आडव्या दिशेचा कोन), अमुक उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन). प्रत्यक्ष सुटण्याची वेळ आली की तक्ता त्या वेळेनुसार सरकवतात. त्यानंतर श्रीहरिकोट्याच्या रडारनं मोजलेली स्थिती आणि वेग पुढच्या केंद्रांकडे जातात आणि तक्त्याची जागा खरी आकडेवारी घेते. डिश क्षितिजावर त्या ठिकाणी टपून बसते. सिग्नल मिळाला की स्वयंचलित मागोवा सुरू. फीडमधून, म्हणजे डिशच्या समोरच्या ग्रहण करणाऱ्या भागातून, बेरजेचा आणि फरकाचा असे वेगवेगळे सिग्नल निघतात. रॉकेट झोताच्या मध्यापासून ढळलं की फरकाचा सिग्नल वाढतो आणि मोटर डिश त्या बाजूला ढकलते.

इथे घड्याळ फार महत्त्वाचं. वेळ १ सेकंदानं चुकली तर रॉकेट ७.५ किलोमीटर पुढे असतं. १,००० किलोमीटरवरून पाहिलं तर हा फरक सुमारे ०.४३ अंशाचा, म्हणजे १० मीटरच्या डिशचा अर्धा झोत जवळजवळ संपला. म्हणून सगळी केंद्रं उपग्रहावरून मिळणाऱ्या एकाच वेळेला बांधलेली असतात. मोठ्या डिशला रुंद झोताचा एक छोटा अँटेना जोडलेला असतो तोही याचसाठी. आधी छोटा पकडतो, मग मोठ्याच्या हाती देतो.

लॉक मिळालं पण सिग्नल क्षीण आहे. हे काय असतं?

लॉक म्हणजे डिशनं सिग्नल पकडून त्याचा माग धरणं. अशा वेळी पहिला संशय बगलेच्या झोताचा घ्यावा. प्रत्येक डिशला मुख्य झोताच्या आजूबाजूला छोटे झोत असतात. रॉकेट क्षितिजावर येत असताना डिश चुकून अशा झोतावर स्थिरावते, फरकाचा सिग्नल शून्य दाखवतो आणि सगळं आलबेल वाटतं. खूण एकच : सिग्नलची पातळी अपेक्षेपेक्षा १५–२० डेसिबलनं खाली (१० डेसिबल म्हणजे शक्तीत दहापट फरक). म्हणून अपेक्षित पातळीचा आलेख समोर असलाच पाहिजे. उपाय सोपा पण धाडसाचा आहे. स्वयंचलित मागोवा सोडायचा, डिश तक्त्यातल्या कोनावर आणायची आणि पुन्हा पकडायची. नवखा माणूस हातात आलेलं लॉक सोडायला कचरतो, आणि थोड्याच वेळात ते आपोआप सुटतं.

रॉकेट बरोबर डोक्यावरून गेलं तर सोपं जात असेल ना?

उलट, ते सर्वांत अवघड. दिगंश–उन्नतांश पद्धतीच्या डिशला डोक्यावर एक आंधळी जागा असते. ५०० किलोमीटर उंचीवरून माथ्यावरून जाणारी वस्तू सेकंदाला साधारण ०.९ अंशानं सरकते. पण उन्नतांश ८५ अंश असेल तर दिगंशाच्या मोटरला त्याच्या साडेअकरा पट, म्हणजे सेकंदाला १० अंश फिरावं लागतं. ८९ अंशाला तर ५० अंशांच्या आसपास! कित्येक टनी डिश हे करू शकत नाही. मग तिसरा, थोडा कललेला अक्ष लावतात किंवा मागोवा काही क्षण सोडून डिश आधीच पलीकडे वळवून ठेवतात.

सिग्नल मध्येच का तुटतो?

अंतरामुळे तुटतो असं लोकांना वाटतं. हिशोब करून पाहा. समजा प्रक्षेपी (ट्रान्समीटर) ५ वॅटचा आहे, रॉकेटवरचा अँटेना सगळीकडे सारखा पसरवतो, अंतर २,००० किलोमीटर आणि जमिनीवर १० मीटरची डिश. वाटेत सुमारे १६५.५ डेसिबल जातात, डिश सुमारे ४५ डेसिबल परत देते. किरकोळ गळती धरूनही १ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सिग्नल गोंगाटाच्या साधारण ३० डेसिबल वर राहतो. भरपूर झालं. अंतर दुप्पट केलं तरी फक्त ६ डेसिबल कमी होतात.

हे ३० डेसिबल खाणारे चोर वेगळे आहेत. रॉकेटवर अँटेना अंगाच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात, आणि काही दिशांना त्यांचे सिग्नल एकमेकांना खोडून काढतात. रॉकेट स्वतःभोवती वळलं की अशी दिशा नेमकी केंद्राकडे येऊ शकते. दुसरा चोर ज्वाळेचा. घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते, ज्वाळा अतितप्त आणि विद्युतभारित होते. केंद्र रॉकेटच्या मागे असेल तर सिग्नलला या ज्वाळेतूनच यावं लागतं. श्रीहरिकोटा सुरुवातीला नेमकं मागेच असतं! बाजूला किंवा पुढे असलेलं दुसरं केंद्र म्हणूनच फक्त ‘पुढच्या टप्प्यासाठी’ नसतं, त्याच मिनिटाचा दुसरा साक्षीदारही असतं. टप्पे वेगळे होताना काही क्षणांची खोट जवळजवळ ठरलेलीच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. क्षितिजालगत समुद्रावरून येणारा परावर्तित सिग्नल मूळ सिग्नलशी भांडतो. आणि ग्राहकाची (रिसीव्हरची) वारंवारता बरोबर सरकत नसेल तर डॉप्लर परिणाम, म्हणजे वेगामुळे बदललेली वारंवारता : २.२५ गिगाहर्ट्झला कक्षेच्या वेगात ही सरक ५६ किलोहर्ट्झपर्यंत जाते.

यावर उतारा म्हणून डाव्या आणि उजव्या, दोन्ही वर्तुळाकार ध्रुवणांत (रेडिओ लहर ज्या दिशेनं फिरत येते त्या दोन्ही प्रकारांत) वेगळं ग्रहण करून त्यांची गुणवत्तेनुसार बेरीज करतात. ध्रुवणांपैकी एक बुडालं तरी दुसरं बहुधा टिकतं.

उड्डाणाआधी केंद्रात काय तपासतात?

डिशच्या समोर दूर उभा केलेला एक मनोरा असतो. त्यावरच्या छोट्या प्रक्षेपीकडे डिश रोखून कोनांची शून्यं आणि फरकाच्या सिग्नलचा कल तपासतात. मनोरा पुरेसा दूर असावा लागतो : १० मीटरच्या डिशसाठी साधारण दीड किलोमीटर, ४.६ मीटरसाठी ३०० मीटरच्या वर. जवळच्या मनोऱ्यावर केलेली जुळणी कागदावर सुंदर आणि आकाशात चुकीची असते. ग्राहकाची संवेदनशीलता सूर्याकडे आणि मग मोकळ्या आकाशाकडे डिश रोखून मोजतात.

त्यानंतर नोंदवलेल्या टेलीमेट्रीवर सगळ्या साखळीची रंगीत तालीम होते, तीही एकदा नाही. बिघाड मुद्दाम घालून करतात : एक संपर्कवाहिनी तोडायची, तक्ता काही सेकंदांनी चुकवायचा, मुख्य ग्राहक बंद करायचा. सगळं सुरळीत असलेली तालीम म्हणजे वेळ फुकट.

बारकाव्यांतल्या नेहमीच्या चुका : केबलच्या जोडणीत शिरलेलं पाणी, जुनी तक्त्याची फाइल तशीच राहणं, आणि डावं–उजवं ध्रुवण उलट जोडलेलं असणं.

डेटा बंगळूरू आणि श्रीहरिकोट्याला कसा जातो? ‘डेटा गेला’ म्हणजे काय?

केंद्रापासून दोन वेगळ्या मार्गांनी जातो, सहसा उपग्रहामार्गे आणि जमिनीवरच्या किंवा समुद्राखालच्या केबलमार्गे. भूस्थिर उपग्रहावरून एक फेरी म्हणजे सुमारे पाव सेकंद उशीर. तुमच्या मोबाइलवरच्या थेट प्रसारणात याहून कितीतरी जास्त सेकंदांचा उशीर असतो, त्यामुळे पडद्यावरच्या ठिपक्यावरून घड्याळ लावू नका.

‘डेटा मिळत नाही’ याचे तीन अर्थ असू शकतात : रॉकेट बोलत नाही, केंद्र ऐकत नाही, किंवा केंद्रानं ऐकलं पण पुढे पोहोचलं नाही. तिसऱ्या प्रसंगात काही बिघडलेलं नसतं. केंद्रात कच्चा सिग्नल जागेवरच नोंदवला जातो आणि नंतर मिळतो. ७ ऑगस्ट २०२२ च्या एसएसएलव्ही-डी१ उड्डाणानंतर शेवटच्या टप्प्यात डेटा गेल्याचं आधी जाहीर झालं. पुढे विश्लेषणात खरं कारण वेगळं निघालं : दुसरा टप्पा वेगळा होताना कंपनांमुळे त्वरणमापक क्षणभर मर्यादेपलीकडे गेले, रॉकेटनं ते बिघडल्याचं मानून पर्यायी पद्धत धरली आणि उपग्रह ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत पडले. ७६ किलोमीटरवर हवा आहे, तिथे उपग्रह टिकत नाही.

नुसत्या आकड्यांवरून बिघाड खरंच ओळखता येतो?

३१ ऑगस्ट २०१७ चं पीएसएलव्ही-सी३९ बघा. उष्णताकवच वेगळं झालंच नाही. सगळे टप्पे नीट चालले, पण एक टनाच्या आसपास जादा वजन वाहत असल्यामुळे वेग कमी पडत गेला, आणि मागोव्यात तो आधीच दिसत होता. २०,६५० किलोमीटरच्या जागी कक्षेचं दूरचं टोक साधारण ६,५५५ किलोमीटरवर थांबलं. उपग्रह बंद कवचाच्या आतच ‘वेगळा’ झाला.

रॉकेट नष्ट करायचं कोण आणि कशावरून ठरवतं?

श्रीहरिकोट्याचा सुरक्षा अधिकारी. त्याच्यासमोर रॉकेट आत्ता कुठे आहे यापेक्षा, इंजिनं या क्षणी बंद पडली तर ते कुठे पडेल हा बिंदू असतो. तो बिंदू आखलेली रेषा ओलांडू लागला की आदेश जातो. म्हणूनच एकमेकांपासून स्वतंत्र असे किमान दोन मागोवे हवेत. एकाच रडारच्या चुकीवरून निरोगी रॉकेट फोडणं जितकं वाईट, तितकंच भरकटलेलं रॉकेट सोडून देणं. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ च्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) टप्प्याच्या तळाजवळचे कनेक्टर निसटले, नियंत्रणाचे आदेश पुढे पोहोचेनात, वाहन तुटू लागलं आणि सुमारे ६४ व्या सेकंदाला नष्ट करण्याचा आदेश दिला गेला.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून रॉकेटचा सिग्नल पकडता येईल का?

क्षितिजाचाच हिशोब लावा. पणजी श्रीहरिकोट्यापासून साधारण ७१५ किलोमीटर, नागपूर ८३५, पुणे ८६५, मुंबई ९८५. तळावर उभं असलेलं रॉकेट कुठूनच दिसणार नाही. पणजीच्या क्षितिजावर यायला त्याला सुमारे ४० किलोमीटर, पुण्याला सुमारे ५८ किलोमीटर उंची हवी. ते दूर जात असल्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. एस-बँडची (सुमारे २.२ गिगाहर्ट्झची) छोटी डिश आणि चांगला ग्राहक असेल तर नुसता वाहक तरंग (ज्यावर मजकूर चढवलेला असतो ती मूळ लहर) काही मिनिटं दिसू शकतो. त्यातला मजकूर उलगडायच्या फंदात पडू नका, आणि परवान्याचे नियम आधी पाहा.

नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल हमखास विचारणा होते. तिथे ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, पण त्या रॉकेटमागे धावण्यासाठी नाहीत. मात्र १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय ‘शियापारेली’चा क्षीण सिग्नल त्यांनी पृथ्वीवरून थेट ऐकला होता. तो सिग्नल उतरता उतरता थांबला. यान आदळलं होतं.

यापुढे काय बदलणार आहे?

तामिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला छोट्या रॉकेटांसाठी दुसरा तळ उभा राहतो आहे, पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तिथून सरळ दक्षिणेला जाता येईल, श्रीलंकेभोवतीचं वळण वाचेल आणि केंद्रांची साखळीही नव्यानं आखावी लागेल. गगनयानासाठी ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांची मदत घेतली जात आहे, कारण माणूस आत असताना ‘नंतर नोंदी पाहू’ चालत नाही. दीर्घकाळचा उपाय म्हणजे वरूनच पाहणारे दळणवळण-मध्यस्थ उपग्रह. अमेरिका हे काम अशा उपग्रहांकडून अनेक दशकं करून घेत आहे, भारताचीही तशी योजना आहे. ते आले तरी श्रीहरिकोट्याची रडारं राहतीलच. भरकटलेल्या रॉकेटचा निर्णय सेकंदांत घ्यायचा असतो आणि तो रॉकेटच्या स्वतःच्या शब्दावर घेता येत नाही.